फियाट कुणाची?

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निघून गेली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती; आणि टॅक्सीला वीस वर्षांपलीकडे रस्त्यावर राहू द्यावयाचे नाही असा नियम असल्यामुळे तिच्या निरोपाचा दिवस पंचांगातील तिथीप्रमाणे आधीपासूनच ठरलेला होता. तरीही तो उजाडला तेव्हा मुंबईकरास गलबलून आले. तेव्हापासून या गाडीच्या आठवणींचा एक लहानसा व्यापारच चालू झाला आहे. चहाच्या पेल्यांवर तिचे चित्र, उपाहारगृहांच्या भिंतींवर तिचे चित्र, परदेशच्या पाहुण्याच्या हाती ठेवावयाच्या खेळण्यातही तीच. सुट्या पैशांवरून टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालण्यात ज्यांनी अर्धे आयुष्य घालविले, तेही आता तिच्या आठवणीने हळवे होतात.

या हळवेपणातून आम्ही स्वतःस वगळीत नाही. दादर स्टेशनाबाहेर टॅक्सीच्या टपावरील जाळीवर मामांची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी चढत आहे, हमाल दोरी आवळीत आहे, आणि सरदारजी हात बाहेर काढून मीटर खाली पाडीत आहेत, हे दृश्य आमच्याही बालपणाचे आहे. परंतु जिव्हाळा ही एक गोष्ट आणि मूल्यमापन ही दुसरी. गाडीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी ती ज्या कारखान्याने निर्माण केली त्याची कहाणी कितीजणांस ठाऊक आहे? त्या कारखान्यास जे यश मिळाले ते कशाचे होते, आणि जे अपयश आले ते कुणाचे, हे प्रश्न या शोकात कुणी विचारल्याचे दिसत नाही.

प्रथम नावाचीच गोष्ट घ्या. गाडीच्या पाठीवर ‘पद्मिनी’ असे लिहिलेले असे. कंपनीचे नाव ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’. ती तयार होई कुर्ल्यास. पण मुंबईकराने तिला अखेरपर्यंत ‘फियाट’ म्हटले. इटलीतील त्या कंपनीशी असलेला मूळ करार संपून १९७४ साली गाडीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, तरी लोकांनी आपली जीभ बदलली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षे एका नावाने गाडी विकावी आणि घेणाऱ्याने तिला दुसऱ्याच नावाने हाक मारावी, असा प्रकार व्यापाराच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. आपल्या मालाची कीर्ती गावभर आणि आपले नाव मात्र कुणाच्या ओठी नाही, ही या कारखान्याची शोकांतिका होती. आणि आम्हांस असे वाटते की, तिच्या मुळाशी या कहाणीचे सारे मर्म आहे.

ज्या उमेदीने हा कारखाना जन्मास आला तिचा आज विसर पडला आहे. हिंदुस्थानात मोटारी व्हाव्यात हे स्वप्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पाहिले. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून येऊन त्यांनी मुंबईसाठी एक योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि १९३७ साली अधिकारावर आलेल्या मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दर्शविली. पुढे महायुद्ध आले. सैन्यास हजारो वाहने लागत असता ती येथेच करावयास काय हरकत होती? परंतु दिल्लीच्या तत्कालीन सरकारने या धंद्यास युद्धोपयोगी धंदा मानण्याचे नाकारले. मालाच्या खरेदीची हमीही मिळाली नाही. परसत्तेची मोटारीविषयीची ही भीती आज हास्यास्पद वाटेल. त्या वेळी ती पुरेपूर जाणीवपूर्वक होती.

वालचंदांचा पिंडच असा की, नकार ऐकला म्हणजे त्यांस हुरूप चढावयाचा. ज्या माणसाने भोर घाटातील रेल्वेचे बोगदे खोदले, १९१९ साली परकीय आगबोट कंपन्यांच्या नाकावर टिच्चून ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून विलायतेस पाठविली, १९४० साली बंगलोरला विमानांचा आणि लागलीच विशाखापट्टणला जहाजांचा कारखाना काढला, तो मोटारीपाशी थांबणे शक्य नव्हते. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होऊन स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. डॉज, प्लिमथ, डिसोटो या ऐसपैस मोटारी आणि फार्गो ट्रक ही त्या आरंभीच्या काळातील पैदास. १९५३ च्या एप्रिलमध्ये वालचंद निवर्तले. बोट, विमान आणि मोटार या तिन्हींचा पाया घालणाऱ्या या पुरुषास आपल्या मोटारीच्या भरभराटीचा काळ पाहावयास मिळाला नाही. त्यांच्या नावाने सांगलीस अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. पण ज्या शहरात त्यांची गाडी अर्धे शतक धावली त्या शहरातील सामान्य माणूस त्यांचे नाव फियाटशी जोडीत नाही.

क्रायस्लरच्या मोटारी राजेरजवाड्यांना आणि कापूसबाजारातील शेटजींना शोभणाऱ्या होत्या. गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्या देशास लहान गाडी हवी होती, आणि ती शोधीत कंपनी १९५१ च्या सुमारास फियाटकडे वळली. १९५३ साली सरकारने आपले धोरण स्पष्ट केले: ज्यांना येथे गाडीचे भाग बनवावयाचे असतील त्यांनीच राहावे, नुसते पेट्यांतून आलेले भाग जोडून विकणाऱ्यांनी जावे. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. राहिले ते मुख्यतः तिघे: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि कुर्ल्यास प्रीमियर.

१९५३ सालीच इटलीत फियाट कंपनीने आपली ‘अकराशे’ ही नवी गाडी लोकांपुढे मांडली होती. तीच थोड्याच काळात कुर्ल्यास आली. गाडी खरोखरच गुणी होती. सांगाडा वेगळा आणि कवच वेगळे अशी तिची रचना नसल्यामुळे ती हलकी होती. १०८९ घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन पेट्रोल बेताने पीत असे. गिअर स्टिअरिंगखाली असल्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूसही बसू शके. आरंभीच्या गाड्यांची पुढील दारे उलटी, म्हणजे वाऱ्याला सामोरी, उघडत. ती पुढे सरळ झाली. ‘एलिगंट’, ‘सुपर सिलेक्ट’, ‘डिलाइट’ असे तिचे अवतार होत गेले. अँबॅसडर ही मंत्र्यांची, कलेक्टरांची आणि मोठ्या कुटुंबाची गाडी, तर फियाट ही डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची गाडी, अशी एक जातवारीच समाजाने मनोमन करून टाकली. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्याने अँबॅसडर पसंत केली. मुंबईच्या अरुंद गल्ल्या आणि महागडे पेट्रोल यांनी फियाट निवडली.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांची गोष्ट या संदर्भात सर्वांस परिचित आहे. घरच्या माणसांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यावयाचे ठरविले. किंमत बारा हजार. पदरी तेवढे पैसे नव्हते, तेव्हा पाच हजारांचे कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले आणि उरलेले कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीस त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. देशाच्या पंतप्रधानास कर्ज काढल्यावाचून जी गाडी परवडत नव्हती तिलाच आपण मध्यमवर्गाची गाडी म्हणत आलो, हे येथे जाता जाता नमूद करून ठेवतो.

आता या यशाची दुसरी बाजू. गाडी हवी असणारास ती दुकानात जाऊन घेता येत नसे. नाव नोंदवावे, अनामत भरावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदविलेली गाडी तिच्या लग्नात मिळाली असे लोक विनोदाने म्हणत, आणि त्या विनोदात विनोद थोडाच असे. १९५९ च्या आदेशान्वये वाटपावर सरकारचे नियंत्रण आले. नवी गाडी ठराविक मुदतीच्या आत विकण्यावर बंधन घालावे लागले, कारण हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली तरी नव्या गाडीहून अधिक किंमत येई! १९६९ साली किमतीही सरकारने बांधून दिल्या. त्यावर प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एका फियाट गाडीस रास्त किंमत किती याची चर्चा देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे झाली. १९७० च्या दशकात साऱ्या देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन तीस-चाळीस हजारांच्या आसपास घोटाळत होते. एवढ्या मोठ्या देशास एवढ्या गाड्या! कारखाना वाढवावयाचा तर परवाना हवा, आणि मोटार ही चैनीची वस्तू ठरल्यामुळे परवाना देण्याची दिल्लीस घाई नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर, दारापुढील रांग हटत नसल्यामुळे कारखानदारासही तशी घाई नव्हती.

आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. त्या अनुभवावरून आम्ही असे म्हणू की, परीक्षेत एकच प्रश्न येणार हे एकदा मुलांस कळले म्हणजे हुशार मुलगाही तेवढेच उत्तर घोकतो. सरकारने मोटार-कारखान्यांस एकच प्रश्न घातला होता: गाडीचे किती भाग देशात होतात? प्रीमियरने त्या प्रश्नाचे उत्तर उत्तम लिहिले. ज्या देशात साध्या सुट्या भागासाठी बोटीची वाट पाहावी लागे, तेथे वीस वर्षांत जवळजवळ संपूर्ण गाडी स्वदेशी करून दाखविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यातून कारागीर तयार झाले, लहान पुरवठादार उभे राहिले. मुंबई-पुण्याच्या यंत्रोद्योगास त्याचा हातभार लागला. जे लोक आज पद्मिनीस ‘जुनाट डबडे’ म्हणून हसतात त्यांनी हे श्रेय नाकारू नये. पण गाडी बरी झाली काय, स्वस्त झाली काय, पुरेशी झाली काय, हे प्रश्न परीक्षकाने कधी विचारलेच नाहीत. इटलीत १९६९ साली अकराशेचे उत्पादन बंद पडले, कारण तेथील गिऱ्हाईक तिला कंटाळले. येथे १९७२-७४ च्या सुमारास तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’ झाली. बदलले ते मुख्यतः नाव. एकच प्रश्न घालणारा परीक्षक दोषी खरा. परंतु खरा विद्यार्थी नेमलेल्या पानांपलीकडे वाचतो, आणि वालचंदांच्या वारसांकडून ती अपेक्षा केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

मग ‘कधीही दगा न देणारी गाडी’ ही कीर्ती आली कोठून? आमच्या मते या कीर्तीचे खरे धनी दुसरेच आहेत. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओले फडके टाकून निमूटपणे झाडाखाली थांबलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना दगा म्हणजे काय हे सांगावयास नको. स्टिअरिंगखालचा गिअर अडकला की चालक खाली उतरून, बॉनेटमध्ये हात घालून दोन दांडे हलवी आणि काही न घडल्याप्रमाणे पुन्हा जागेवर येऊन बसे. गाडी बिघडत असे. पण ती कुणालाही दुरुस्त करता येत असे. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात, चोरबाजारात आणि गल्लोगल्लीच्या पिंपळाखाली बसलेल्या निरक्षर मिस्त्रीने एक पाना, एक हातोडी आणि एक सुतळीचा तुकडा यांच्या बळावर ती चालती ठेवली. त्यातील कितीएक मिस्त्री उत्तर प्रदेशातून आलेले होते, कितीएक कोकणातील. टॅक्सीवाल्यांनी तीच गाडी दिवसपाळी आणि रातपाळी अशी दोनदा जुंपली, तिच्यात पुढे डिझेलचे इंजिन बसविले, त्याहीपुढे गॅसची टाकी बसविली. १९९० च्या दशकात मुंबईत साठ हजारांहून अधिक टॅक्सी होत्या असे सांगतात, आणि त्यांतील बहुतेक याच जातीच्या. गाडीचे आयुष्य कारखान्याने जितके घडविले त्याहून अधिक या लोकांनी घडविले. त्यांची नावे कोणत्याही पेल्यावर छापलेली नाहीत.

१४ डिसेंबर १९८३ या दिवशी श्रीमती इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती गाडीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली आणि रांगेचे राज्य संपले. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मारुती ही काही खुल्या स्पर्धेतून वर आलेली नव्हती. ती सरकारची कंपनी होती. जे परवाने आणि ज्या सवलती कुर्ल्यास आणि उत्तरपाड्यास दशकानुदशके मिळाल्या नाहीत त्या तिला मागितल्या हाती मिळाल्या. धावणाऱ्याचे पाय तीस वर्षे बांधून ठेवावयाचे आणि मग दुसऱ्यास घोड्यावर बसवून शर्यत लावावयाची, अशातला हा प्रकार झाला, अशी तक्रार प्रीमियरच्या बाजूने कुणी केल्यास ती निराधार म्हणता येणार नाही. मात्र पायांतील दोर सुटल्यावरही हा धावणारा फारसा धावला नाही. १९८५ साली कंपनीने ‘११८ एनई’ ही गाडी आणली. तिचा साचा फियाटच्या १९६० च्या दशकातील १२४ या गाडीचा आणि इंजिन जपानच्या निसानचे. वीस वर्षांपूर्वीचे कवच नव्या पिढीपुढे नवे म्हणून ठेवण्यात आले. ते चालले नाही, यात नवल नाही.

पुढील कथा थोडक्यात आटोपण्याजोगी आहे. १९९१ नंतर परकीय कंपन्या आल्या. प्रीमियरने एकाच वेळी दोघींशी घरोबा केला. कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोची ३०९ आणि कुर्ल्यात फियाटची युनो. संप, विलंब आणि तंटे यांत दोन्ही संसार विस्कटले. प्यूजो दोन-तीन वर्षांतच निघून गेली. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या हाती गेला, २००० च्या आगेमागे पद्मिनीचे उत्पादन थांबले, आणि काही वर्षांनी फियाटनेही आपला मुक्काम रांजणगावास हलविला. चिंचवडहून २००९ साली ‘रिओ’ नावाची एक गाडी काढण्याचा अखेरचा प्रयत्न कंपनीने केला; त्यानंतर तिचे नाव ऐकू आले ते दिवाळखोरीच्या कारवाईतच. कुर्ल्यात आता इमारती आहेत. एका रस्त्यास मात्र अजून ‘प्रीमियर रोड’ म्हणतात, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या रहिवाशास तो विम्याच्या हप्त्याचा शब्द वाटत असल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाही.

हा जुना हिशेब आज काढण्याचे कारण आहे. स्वदेशी मोटारीचा प्रश्न पुन्हा नव्या रूपाने आपल्यापुढे आला आहे. या वेळी ती मोटार विजेवर चालणारी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेत, निदान ४,१५० कोटी रुपये येथे गुंतविणाऱ्या कंपनीस वर्षाला आठ हजारांपर्यंत विजेच्या मोटारी पंधरा टक्के जकातीवर आणू देण्याची तयारी दर्शविली आणि त्या बदल्यात देशी भागांची अट घातली: तीन वर्षांत पंचवीस टक्के, पाच वर्षांत पन्नास. मुदत घातली हे चांगले झाले. कुर्ल्यास तशी मुदत कुणी बांधून दिली असती तर कदाचित कथा निराळी झाली असती. परंतु प्रश्न तोच एकुलता एक आहे. भाग किती देशी? गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली काय, तिची दुरुस्ती गल्लीतील मिस्त्रीस करता येईल काय, की ती बिघडली म्हणजे कंपनीच्याच दारात जाऊन हात जोडावे लागतील, यांविषयीची अट आम्हांस तरी त्या योजनेत दिसली नाही. संरक्षण द्यावयास आमचा विरोध नाही. वालचंदांना ज्या सरकारने ते नाकारले त्याच्या पंक्तीस आम्ही बसू इच्छीत नाही. पण संरक्षणाचा मोबदला म्हणून गिऱ्हाइकास काय मिळणार, हे कागदावर लिहून घ्यावे, आणि ते न मिळाल्यास संरक्षण काढून घेण्याचे धैर्य दाखवावे, एवढी आमची मागणी आहे. पद्मिनीच्या बाबतीत ते धैर्य तीस वर्षे कुणी दाखविले नाही; जेव्हा दाखविले तेव्हा कारखान्यातील हजारो माणसांस सावरावयास वेळ उरला नव्हता.

दुसरी मागणी मुंबईपुरती आहे. शेवटची टॅक्सी निघाली तेव्हा एखादी तरी पद्मिनी जतन करून ठेवावी अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. ती मान्य व्हावी. राज्य शासनाने अथवा महानगरपालिकेने एक गाडी घ्यावी, टपावरील जाळीसह आणि बाहेरच्या मीटरसह घ्यावी, आणि ती लोकांस पाहावयास ठेवावी. शेजारी वालचंदांचे छायाचित्र असावे. इंजिन उघडे ठेवून पंपावर एक ओले फडके टाकलेले असावे. आणि काचेच्या पेटीत एखाद्या मुंबईकराने जपून ठेवलेली नोंदणीची पावती मांडावी, अनामत भरल्याच्या तारखेसह आणि गाडी हाती आल्याच्या तारखेसह. अशा पावत्या जुन्या घरांच्या कपाटांत अजून सापडतील. वाचकांपैकी कुणापाशी असल्यास ती रद्दीत देऊ नये.